रात्रीचं निळं धुकं सकाळी कुठे जातं?

प्रश्न : माझा मुलगा शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत कोअर शॉपला आहे. गेले काही महिने सेकंड शिफ्ट करून घरी आला की म्हणतो, रस्त्यावरच्या दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात आणि सगळं निळसर, धुरकट वाटतं. डोळे दुखत नाहीत, लालही नसतात. सकाळी उठला की काहीच नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांना दोनदा दाखवलं. नंबर नाही, बाकी सगळं नॉर्मल आहे, मोबाइल कमी बघ, असं ते म्हणाले. मोबाइलमुळे खरंच असं होतं का?
— एक आई, कोल्हापूर

उत्तर : मोबाइलला या वेळी सोडून द्या. तो फार पाहिला की डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, जड होतात. दिव्यांभोवती कडी उमटणं आणि रात्रभरात ती नाहीशी होणं हे त्याचं काम नाही. तुमच्या पत्रातच उत्तर आहे. मुलगा कोअर शॉपला आहे आणि सकाळी नजर स्वच्छ असते, या दोन गोष्टी एकत्र वाचल्या की संशयाची सुई एका वायूकडे जाते. त्याचं नाव अमाइन.

फाउंड्री न पाहिलेल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. इंजिनाच्या हेडमध्ये पाणी खेळायला वाट लागते, पंपाच्या पोटात पोकळी लागते. ओतीव लोखंडात अशी पोकळी नंतर कोरत बसणं परवडत नाही. म्हणून त्या पोकळीच्या आकाराचा वाळूचा गाभा आधी तयार करून साच्यात बसवतात आणि त्याच्याभोवती लोखंड ओततात. हा गाभा म्हणजे कोअर. पूर्वी वाळूत तेल कालवून कोअर भट्टीत भाजत. 1960 च्या दशकाच्या अखेरीस ‘कोल्ड बॉक्स’ पद्धत आली आणि भट्टी गेली. यात वाळूत दोन रेझिन मिसळतात, एक फिनॉलिक आणि दुसरं आयसोसायनेट. ही वाळू हवेच्या दाबानं कोअर बॉक्समध्ये भरतात आणि तिच्यातून अमाइनची वाफ सोडतात. कामगार याला नुसतं ‘गॅसिंग’ म्हणतात. काही सेकंदांत वाळू कडक होते, बॉक्स उघडतो, कोअर रॅकवर जातो, पुढचा बॉक्स बंद होतो. दिवसभर हेच चालू असतं.

आता गोम अशी, की अमाइन या सगळ्यात खर्ची पडत नाही. ते फक्त दोन रेझिनची गाठ लवकर घालून देतं आणि स्वतः जसंच्या तसं बाहेर पडतं. म्हणजे जेवढं आत सोडलं तेवढं सगळं कुठे तरी जायलाच हवं. ठरल्याप्रमाणे ते हवेच्या झोतानं, म्हणजे ‘पर्ज’नं, कोअर बॉक्समधून स्क्रबरमध्ये ढकललं जातं आणि तिथल्या आम्लात अडकतं. प्रत्यक्षात बॉक्सचं सील झिजलेलं असतं, स्क्रबरमधलं आम्ल बदलायचं राहून गेलेलं असतं, नगसंख्या वाढवायची म्हणून पर्जचे दोन-चार सेकंद कापलेले असतात. शिवाय रॅकवर ठेवलेला ताजा कोअर पुढे बराच वेळ अमाइन सोडत राहतो. मग ते हवेत येतं. त्याला अमोनियाकडे झुकणारा, सुक्या मासळीसारखा वास असतो. नव्यानं आलेल्या माणसाचं नाक लगेच तक्रार करतं. जुन्या माणसाच्या नाकाला सवय होते, आणि ‘आता काही वास येत नाही’ असं तो खरंच सांगतो.

हे अमाइन म्हणजे बहुधा ट्रायइथाइलअमाइन किंवा डायमिथाइलइथाइलअमाइन. दोन्ही क्षारधर्मी आहेत आणि पाण्यात व स्निग्ध पदार्थांत दोन्हीकडे मुरतात. डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर असतो, त्याखाली बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया. हा पडदा आरपार दिसतो तो त्याच्यातलं पाणी नेमकं मापात असतं म्हणून. अमाइनची वाफ अश्रूंत विरघळते, कॉर्नियाच्या सगळ्यांत वरच्या थरात शिरते, आणि तो थर पाणी धरून किंचित फुगतो. त्यात अगदी सूक्ष्म थेंब तयार होतात. थंडीच्या रात्री एसटीच्या खिडकीवर आपल्याच श्वासाची वाफ धरते आणि तिच्यातून समोरच्या गाडीचा दिवा पसरलेला, कड्यांचा दिसतो, तसंच काहीसं इथे होतं. फरक इतकाच, की ही वाफ हातानं पुसता येत नाही. कारखान्यातून बाहेर पडल्यावर काही तासांत थर पुन्हा पूर्वपदावर येतो. झोपून उठेपर्यंत धुकं विरलेलं असतं.

आणि डॉक्टरांची वेळ असते सकाळी दहाची. त्या वेळी त्यांना काही दिसलं नाही यात त्यांचा दोष नाही. डोळा त्या घटकेला खरोखरच नॉर्मल असतो. पण ‘तू कुठे काम करतोस, कधी दिसतं, सुट्टीच्या दिवशी दिसतं का’ एवढे तीन प्रश्न विचारायला मिनिटसुद्धा लागलं नसतं, असं मला राहून राहून वाटतं. आपल्याकडे केसपेपरवर वय लिहितात, गाव लिहितात, पण माणूस कोणतं काम करतो हे क्वचितच लिहितात.

हा आजार नवा नाही. 1960 च्या दशकात पॉलियुरेथेन फोमच्या कारखान्यांतून अशाच तक्रारी आल्या होत्या, कारण फोम बनवतानाही अमाइन लागतं. स्वीडनमधल्या संशोधकांनी 1985 साली स्वयंसेवकांवरच्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. घनमीटरभर हवेत 18 मिलिग्रॅम ट्रायइथाइलअमाइन असताना आठ तास बसल्यावर नजर धुरकट झाली आणि कॉर्नियाला सूज दिसली. 10 मिलिग्रॅमला तसं काही झालं नाही. पुढे 1999 मध्ये फिनलंडमध्ये चार स्वयंसेवकांवर पुन्हा प्रयोग झाला. तिथे 6.5 मिलिग्रॅमलाही दोघांना थोडा त्रास झाला, 3 मिलिग्रॅमला कोणालाच नाही.

हे आकडे मुद्दाम देतोय. अमेरिकेत या रसायनाची कायदेशीर मर्यादा 25 पीपीएम आहे, म्हणजे घनमीटरला सुमारे 100 मिलिग्रॅम. ज्या हवेत आठ तासांत धुकं दाटतं त्या हवेच्या ती पाचपट झाली. तिथल्याच औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेनं आपली शिफारस मात्र अर्ध्या पीपीएमपर्यंत खाली आणली आहे. तेव्हा उद्या कोणी ‘आमच्याकडे सगळं लिमिटमध्ये आहे’ असं सांगितलं, तर कोणत्या लिमिटमध्ये, हे विचारायला हवं. कागदावरच्या मापात बसणाऱ्या हवेतही तुमच्या मुलाला कडी दिसू शकतात.

डोळा कायमचा जाईल का, ही तुमची न लिहिलेली भीती. या धुक्यानं कायमचं अंधत्व आल्याचं वैद्यकीय नोंदींत आढळत नाही. नुसत्या वाफेचा परिणाम ओसरतो. द्रवरूप अमाइन डोळ्यात उडालं तर मात्र गोष्ट वेगळी; तो जबर भाजल्याचा प्रकार आहे.

मला खरी काळजी वाटते ती रात्रीच्या रस्त्याची. सेकंड शिफ्ट सुटते तेव्हा त्याच्या नजरेवर धुकं सगळ्यांत दाट असतं, आणि नेमका त्याच वेळी तो मोटारसायकलवर हायवेला लागतो. या धुक्यात फळ्यावरची मोठी अक्षरं कदाचित नीट वाचताही येतील. जातो तो उजेड-अंधाराचा फरक. समोरून येणाऱ्या ट्रकचा दिवा डोळ्यात फुटतो आणि त्याच्या कड्यांत बाकी सगळं बुडतं. त्यात उसाचा हंगाम असेल, तर मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, अशी भरलेली ट्रॉली अंधारात उभी असते. धडधाकट डोळ्यालाही ती शेवटच्या क्षणी दिसते. त्यामुळे कडी दिसत असतील त्या रात्री त्यानं गाडी चालवू नये. कंपनीच्या बसनं यावं, नाही तर ज्याला त्रास नाही अशा सहकाऱ्याच्या मागे बसून यावं. त्यातही पंचाईत अशी, की तो सहकारी बहुधा त्याच शॉपमधला असतो. म्हणून दुसऱ्या विभागातला शोधा.

आता काय करायचं? दोन आठवडे एका वहीत लिहून ठेवायला सांगा : कोणती शिफ्ट, कोणतं मशीन, धुकं किती वाजता सुरू झालं, किती वाजता गेलं, सुट्टीच्या दिवशी काय झालं. शेजारच्या मशीनवरच्या पोरांनाही विचारायला सांगा. दोघा-चौघांना तेच होत असेल, तर दोष त्या खोलीच्या हवेत आहे हे उघड झालं. मग शिफ्ट सुटल्यावर तासाभरात तपासता येईल अशी वेळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आधी मागून घ्या. संध्याकाळचा दवाखाना फर्स्ट शिफ्टच्या दिवशी सहज साधता येतो. रसायनाचं नाव चिठ्ठीवर लिहून न्या आणि स्लिट लॅम्पखाली कॉर्निया पाहायची विनंती करा. सूज असेल तर ती तेव्हा दिसेल.

नाव कळायला अवघड नाही. अमाइनच्या बॅरलवर ते छापलेलं असतं, आणि प्रत्येक रसायनाबरोबर त्याच्या धोक्यांचा कागद येतो, ज्याला सेफ्टी डेटा शीट म्हणतात. तो पाहायला मागणं हा हक्क आहे, मेहेरबानी नाही. भोपाळच्या वायुकांडानंतर 1987 साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा कामगाराला आपल्या आरोग्याशी आणि सुरक्षेशी संबंधित माहिती मालकाकडून मागण्याचा हक्क त्यात घालण्यात आला. 2020 च्या नव्या संहितेतही तो आहे.

चष्मा, मास्क यांवर फार विसंबू नका. नाकावरचा मास्क डोळ्याला वाचवत नाही, आणि साध्या सेफ्टी चष्म्याच्या कडेनं वाफ आत येतेच. चेहऱ्याला घट्ट बसणारा, हवाबंद गॉगल उपयोगी पडतो, पण कोल्हापूरच्या उन्हाळ्यात, ओतकामाच्या शेजारी, आठ तास तो कोण घालणार? खरा उपाय मशीनपाशी आहे : सील बदलणं, पर्ज पूर्ण वेळ देणं, स्क्रबरचं आम्ल वेळेवर बदलणं, आणि कोअरचे रॅकसुद्धा एक्झॉस्टखाली ठेवणं. घाम येतो म्हणून मशीनसमोर पेडेस्टल फॅन लावून घेतात. त्यानं एकाच्या तोंडावरचं अमाइन दुसऱ्याच्या तोंडावर जातं, एवढंच.

दोन इशारे. दिव्यांभोवती रंगीत कडी काचबिंदूच्या एका प्रकारातही दिसतात. त्यात बहुतेक वेळा एकच डोळा असतो, तो ठणकतो, त्या बाजूचं डोकं दुखतं, मळमळतं, नजर पटकन कमी होते; आणि त्याला शिफ्टशी किंवा सुट्टीशी काही देणंघेणं नसतं. असं झालं तर वही वगैरे बाजूला ठेवून त्याच तासाला दवाखाना गाठायचा. दुसरं म्हणजे, कोल्ड बॉक्समधलं दुसरं रेझिन, आयसोसायनेट, दम्याला निमंत्रण देतं. मुलाला शिफ्टमध्ये किंवा शिफ्टनंतर रात्री खोकल्याची ढास लागत असेल, छातीत शिट्टी वाजत असेल, तर तेही त्याच वहीत लिहा. डोळ्यावरचं धुकं सकाळी जातं, पण आयसोसायनेटनं एकदा जडलेला दमा इतक्या सहज जात नाही.

प्रश्न : विषारी दारूकांडाच्या बातम्यांत मिथेनॉलनं डोळे गेले असं वाचतो. आमच्या युनिटमध्ये पार्ट पुसायला, धुवायला मिथेनॉलच वापरतात. आम्ही काही ते पीत नाही. मग घाबरायचं कारण आहे का?
— एक ऑपरेटर, चाकण

उत्तर : आहे. मिथेनॉल शरीरात जायला तोंड लागतंच असं नाही. ते श्वासावाटे जातं आणि हातांच्या कातडीतूनही जातं. मालाडच्या मालवणीत जून 2015 मध्ये शंभरावर माणसं दगावली तेव्हा ते आपल्याला दारूच्या बाटलीतलं विष म्हणून कळलं, आणि तेवढंच डोक्यात राहिलं. त्याच वर्षाच्या शेवटाला आणि 2016 च्या सुरुवातीला दक्षिण कोरियात जे घडलं, ते तुमच्या प्रश्नाला जास्त लागू आहे.

सोल शहराजवळच्या बुचॉन आणि इंचॉन इथल्या लहान कारखान्यांत स्मार्टफोनचे ॲल्युमिनियमचे भाग सीएनसी मशीनवर कापले जात. हे कारखाने म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या कंत्राटदारांचे उपकंत्राटदार. कापताना भाग थंड ठेवायला अल्कोहोल सोडावं लागे. इथेनॉल महाग, मिथेनॉल स्वस्त, म्हणून मिथेनॉल. भाग तयार झाला की त्यावर साचलेलं मिथेनॉल एअरगननं उडवायचं, म्हणजे त्याची धूळधार हवेत. हातात साधे मोजे, तेही भिजलेले. काम करणारी मुलं-मुली विशी-तिशीतली, एजन्सीमार्फत आलेली, आणि समोरच्या पातेल्यात काय आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. मिथेनॉलची मान्य मर्यादा 200 पीपीएम. तिथे हवा तपासली तेव्हा मिथेनॉल काही जागी त्याच्या दहापट भरलं. निदान सहा जणांच्या दृष्टीला गंभीर इजा झाली, काहींची कायमची गेली. त्यांच्यापैकी एकानं 2017 साली जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत स्वतः ही हकिगत मांडली.

मिथेनॉल स्वतः फारसं विषारी नाही, हा त्याचा खरा कावा. यकृत त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल करतं. हे आम्ल पेशींच्या ऊर्जेचं काम बंद पाडतं, आणि दृष्टीची नस ऊर्जेची फार भुकेली असल्यामुळे पहिला घाव तिच्यावर बसतो. उंदरांच्या शरीरातून हे आम्ल झटपट निघून जातं, माणसाच्या आणि माकडाच्या शरीरातून रेंगाळत जातं. म्हणून उंदरांवरच्या प्रयोगांतून या विषाचा नीट अंदाज येत नाही.

या सगळ्याला वेळ लागतो. बहुतेकदा 12 ते 24 तास. काम केलं त्या दिवशी थोडी गुंगी, डोकेदुखी, थोडी मळमळ, आणि माणूस ‘पित्त झालं’ म्हणून झोपतो. दुसऱ्या दिवशी समोर पांढरं दिसू लागतं. त्या संध्याकाळी दोन पेग घेतले असतील तर लक्षणं आणखी उशिरा येतात, कारण यकृत आधी दारूच्या मागे लागतं. याच कारणानं रुग्णालयात इथेनॉल उतारा म्हणून दिलं जातं. फोमेपिझोल नावाचं औषध असेल तर ते देतात, आणि आम्ल रक्तातून काढायला डायलिसिस करतात. हे वाचून घरी उतारा करायला जाऊ नका. रुग्णालयात रक्ताची तपासणी सतत चालू ठेवून मोजून दिलेला तो उपचार आहे.

तुमच्यासाठी सांगायचं ते असं. मिथेनॉल उघड्या पातेल्यात ठेवायचं नाही, एअरगननं उडवायचं नाही, त्यानं हात धुवायचे नाहीत. कापडी मोजे नकोत. ते मिथेनॉल शोषून कातडीला धरून ठेवतात. ब्यूटाइल रबराचे मोजे मागा. त्याहून सरळ मागणी म्हणजे मिथेनॉलऐवजी दुसरं काही वापरा ही. पुसण्याच्या बऱ्याचशा कामांत आयसोप्रोपाइल अल्कोहोल चालतं. तेही हुंगत बसण्यासारखं नाही, पण ते डोळ्याची नस खात नाही. आणि कामानंतर एखाद्या दिवशी नजर पांढुरकी झाली, श्वास जलद चालू लागला, तर दवाखान्यात पाऊल टाकताच पहिलं वाक्य ‘मी मिथेनॉलवर काम करतो’ हे असू द्या. ते सांगितलं नाही तर डॉक्टर दुसऱ्याच वाटेनं जातील आणि मोलाचे तास वाया जातील.

प्रश्न : मी फायबरच्या होड्या करणाऱ्याकडे अठरा वर्षं काम करतो. हल्ली बायको म्हणते, तुम्हाला रंग कळत नाहीत, निळा दोरा आणा म्हटलं तर हिरवा आणता. मला तर सगळं व्यवस्थित दिसतं. जन्मापासून रंगांधळा मी नक्कीच नाही.
— रत्नागिरी जिल्हा

उत्तर : बायको म्हणते त्यात तथ्य असू शकतं. फायबरच्या कामात जे पॉलिएस्टर रेझिन वापरता त्याचा तो डोक्यात चढणारा वास स्टायरीनचा. फायबरग्लासच्या कामगारांची रंगदृष्टी 1990 च्या दशकापासून बऱ्याच देशांत तपासली गेली आहे, आणि स्टायरीन जास्त हुंगणाऱ्यांत ती किंचित खालावलेली आढळली आहे. जन्मजात रंगांधळेपणात बहुतेक करून लाल-हिरव्यात घोळ होतो. इथे घोळ सुरू होतो तो निळ्या-पिवळ्याच्या बाजूला. चटका बसत नाही, धूसर दिसत नाही, आणि हळूहळू होत असल्यामुळे स्वतःला पत्ता लागत नाही. नेहमीच्या रंगीत ठिपक्यांच्या पुस्तकात ही उणीव बहुधा सापडत नाही, कारण ते पुस्तक मुख्यतः लाल-हिरव्यासाठी आहे. फिकट रंगांच्या 15 चकत्या क्रमानं लावायची एक चाचणी असते. मोठ्या नेत्ररुग्णालयात ती मागा. वय, मोतीबिंदू आणि मधुमेह यांनीही निळा रंग दगा देतो, तेव्हा साखर तपासून घ्या. स्टायरीनचाच प्रताप निघाला तर शेडच्या दोन्ही बाजू उघड्या करून वारा वाहता ठेवणं आणि रेझिन लावताना वाफेला अडवणारा कार्बनचा मास्क घालणं, याला पर्याय नाही. कापडाचा रुमाल बांधून स्टायरीन अडत नाही.

पण तुम्ही विचारलं नाही ते सांगतो, कारण ते जास्त तातडीचं आहे. रेझिन घट्ट करायला जे पाण्यासारखं पातळ हार्डनर घालता, ते मिथाइल इथाइल किटोन पेरॉक्साइड. त्याचा एक थेंब डोळ्यात उडाला तर कॉर्निया कायमची पांढरी पडू शकते, आणि बरा झालेला डोळा पुढे काही वर्षांनी पुन्हा सुजल्याची उदाहरणं आहेत. इथे पाणी काही सेकंदांत लागावं लागतं. बाटलीचं बूच दातांनी काढणारे आणि अंदाजानं हार्डनर ओतणारे कारागीर तुम्हीही पाहिले असतील. हार्डनर मोजताना गॉगल, आणि हाताच्या अंतरावर पाण्यानं भरलेली बादली, एवढं आजपासून करा. रंगाची चाचणी पुढच्या महिन्यात झाली तरी चालेल.

प्रश्न : डोळ्यात चुना गेला तर पाणी लावू नये, चुना पेटतो, तूप किंवा एरंडेल घालावं, असं आमचा मिस्त्री सांगतो. बरोबर आहे का?
— एक बांधकाम ठेकेदार, जालना

उत्तर : नाही, आणि या समजुतीनं बरेच डोळे घालवले आहेत. कळीच्या चुन्यावर थोडं पाणी पडलं की तो तापतो, हे मिस्त्रीचं निरीक्षण खरं. पण डोळ्यात अश्रू असतातच, म्हणजे ‘थोडं पाणी’ आधीच मिळालेलं असतं. उरतो उपाय भरपूर पाण्याचा, जे उष्णताही वाहून नेतं आणि चुनाही. आम्लापेक्षा चुन्यासारखा क्षार जास्त वाईट. आम्लानं वरचा थर गोठतो आणि बऱ्याचदा तोच पुढची वाट अडवतो; क्षार पेशींतली चरबी विरघळवत आत आत जात राहतो. तूप-एरंडेलानं तो खडा डोळ्यातच चिकटून राहतो. लिंबू, व्हिनेगर घालून ‘उतारा’ करणं म्हणजे दुसरी जखम.

कामगाराला आडवं करा, डोळ्याभोवतीची कोरडी पूड आधी झटकून टाका, दोन्ही पापण्या बोटांनी उघड्या धरा आणि नळाचं किंवा टाकीचं स्वच्छ पाणी निदान अर्धा तास धार लावून सोडा. पाण्याचं तोंड नाकाकडून कानाकडे, म्हणजे चुना दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. वरच्या पापणीच्या आत खडे दडून बसतात, ते ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकानं टिपा. अर्ध्या तासानं गाडी, आणि गाडीतही बाटलीनं धार चालू. आधी दवाखाना आणि मग पाणी, असा क्रम करू नका. सिमेंटलाही हेच लागू, आणि जेवणाच्या सुट्टीत तंबाखू मळताना चुन्याची पुडी दाबल्यावर जी पिचकारी उडते, तिलाही.